मंगळी आजीचं लुगडं

पेंढ्याच्या ढिगावर माणूस विसाव्याला बसतो, कारण ढीग काही बोलणार नाही याची खात्री असते. भावनासुद्धा त्याच भरवशावर बसली. डोक्यावरचा गवताचा भारा उतरवला, बांधाच्या कडेला एक मऊसा, लांबट ढीग बघितला आणि ‘हुश्श’ करून टेकली.

ढीग म्हणाला, “आई गं!”

आता उठायचं, किंचाळायचं की चप्पल काढायची — तिन्ही एकदम करायच्या बेतात ती होती, तेवढ्यात ढीग कुजबुजला, “हलू नका… हललात तर उडेल.”

“काय उडंल?”

“समोर बघा. बोरीखाली. मान न हलवता.”

गंमत बघा. भावना बोईसर स्टेशनजवळच्या फोटोच्या दुकानात कामाला. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम, सगळं तिथं. दिवसभर समोरच्या स्टुलावर माणसं बसवून ‘हलू नका’ म्हणणं हा तिचा धंदा. तिला कुणी ‘हलू नका’ म्हणायची ही पहिलीच वेळ. आणि ऐकलं की पोरीनं! बसून राहिली.

बोरीखाली एक दगड होता. दगडाला डोळे होते. मोठ्ठे, पिवळे, वटारलेले… जेवणाच्या सुट्टीत कुणी आत शिरलं की ऑफिसातला बाबू बघतो ना, डिट्टो तसे.

“करवानक,” खालून आवाज आला. “काय देखणा आहे बघा.”

“हा? हा तर आमच्या शेतात कायम असतो.”

“तुमचं नशीब.”

भावनाच्या मनात आलं, आपण एका परक्या पुरुषाच्या पाठीवर बसलोय आणि तो आपल्याला सोडून पाखराला देखणा म्हणतोय. तिला खुदकन हसू आलं. त्या हसण्यानं पाठ हलली, पाठीनं कॅमेरा हलला, आणि करवानक उठला. उडालासुद्धा नाही हो. तारीख मिळालेल्या वकिलासारखा रुबाबात चालत निघून गेला.

ढीग उठून बसला. अंगावर गवताच्या रंगाची जाळी, केसांत काड्या, नाकावर वाकडा झालेला चष्मा आणि हातात तोफेसारखी लेन्स. “ताई, तुम्ही जरा…”

“ताई नको म्हनू. पाठीवर बसलेली ताई कुटं बघितलीस?”

तो लाजला. असा लाजला की कानापर्यंत लाल झाला. आणि भावनाला वाटलं — हे वाटणं फार धोक्याचं असतं बरं — याला आणखी थोडं छळावं.

“आमच्या शेतात येऊन आमच्या पाखराचे फोटो काढतोस. विचारलंस कुनाला?”

“पाखरालाच विचारत होतो. तेवढ्यात तुम्ही बसलात.”

बोलतोय बरा, ती मनात म्हणाली.

नाव दिग्विजय. गाव तासगावकडचं, राहायला बोईसरजवळच्या सरावलीत. तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी. आठवडाभर काचेच्या नळ्यांतले रंग बघायचे आणि रविवार उजाडला की कॅमेरा पाठीला लावून मोटरसायकलला किक मारायची. कधी चिंचणीचा किनारा, कधी मिठागरं, कधी वाणगावच्या पूर्वेला हे डोंगराच्या पायथ्याचे पाडे. जिथं काही बघायला नाही असं बाकी दुनिया म्हणते, तिथं हा पठ्ठ्या पोटावर पडलेला असायचा.

त्यानंतरच्या रविवारी तो परत आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. करवानकासाठी येतो, असं तो म्हणायचा. भावनाही सुट्टीच्या दिवशी नेमकी बांधावरच्या गवताला यायची. त्या बांधावर एवढं गवत उरलं तरी होतं का, ते विचारू नका.

भात कापून झालेलं. खळ्यावर भाऱ्यांची उडवी रचलेली. एकदा तो पाणी मागायला खळ्याकडे आला आणि कडेलाच थांबून बूट काढू लागला. बूट कसले, लेसवाले, गुडघ्यापर्यंत चिखल. सोडवता सोडवता त्याची त्रेधा उडाली.

“ऱ्हाऊ दे की,” भावना म्हणाली, “कोन बघतंय?”

“खळ्यावर चपला-बूट घालून कोण जातं होय?” तो म्हणाला. “आमच्याकडं आजोबांनी फोडून काढला असता.”

खळ्यावर भावनाची मंगळी आजी सूप घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, त्याच्या मोज्याच्या भोकातून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि परत सुपात मान घातली. “चांगला हाय,” एवढंच म्हणाली. अंगठ्याला म्हणाली की पोराला, ते आजीलाच ठाऊक. पण भावनानं पाण्याचा तांब्या काठोकाठ भरून आणला.

तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवायचा. ते बघताना दोघांची डोकी जवळ यायची, आणि ऊन पडद्यावर पडू नये म्हणून भावना ओढणीचा आडोसा धरायची. आडोशात दोघं. बघणाऱ्याला काय वाटेल ते वाटो.

आणि फोटो… काय सांगायचं! नवापूरला वाळत घातलेले बोंबील — ज्यांच्या वासानं नवखा माणूस नाक दाबून पळतो — त्याच्या फोटोत चांदीच्या तोरणासारखे लकाकत होते. एमआयडीसीची धुराडी रस्त्यावरच्या डबक्यात उलटी पडली होती आणि डबक्याच्या कडेला एक धोबी पक्षी शेपटी हलवत पाणी पीत होता. सालवडच्या एका चाळीत दाराबाहेर ठेवलेल्या चपला. नुसत्या चपला! पण बघूनच कळत होतं की आत पाहुणे आलेत, त्यांना चहा झालाय आणि आता उठायचं कुणी, असं चाललंय.

“आमचं बोईसर असं दिसतं?” भावना म्हणाली.

“असंच आहे. मी काही घातलं नाही त्यात.”

त्या सोमवारी कामावर जाताना ती रस्त्याच्या मधोमध डबक्याकडे बघत उभी राहिली. मागून रिक्षावाला ओरडला, “ओ मॅडम, मरना है क्या?” तिला त्याचा रागसुद्धा आला नाही. डबक्यात रिक्षासुद्धा छान दिसत होती.

एकच गोष्ट तिला खुपायची.

“यात मानसं कुटं हायत?” तिनं एकदा विचारलंच.

“माणसांचे नाही काढत मी.”

“का? मानसांनी काय घोडं मारलंय तुजं?”

“कॅमेरा बघितला की माणूस दुसराच होतो. पोट आत, मान वर. पाखराचं तसं नसतं.”

“म्हंजे मी दिवसभर दुसऱ्याच मानसांचे फोटो काढते?”

“तसं नाही…”

“तसंच बोललास.”

बोलायला ती हसत बोलली, पण मनात खुट्ट झालं. याच्या त्या तोफेतून बोंबील सुंदर दिसतात, चपला सुंदर दिसतात, डबकं सुंदर दिसतं, मग… आपण कशा दिसू? एकदा, फक्त एकदा, यानं ती लेन्स आपल्याकडे वळवावी. पुढच्या रविवारी ती गवत कापायला चक्क नवा हिरवा ड्रेस घालून, केसांत अबोली माळून आली. आजी म्हणाली, “गवताचा लगीन हाय का?”

दिग्विजयनं तिला बघितलं. बघतच राहिला. कॅमेरा उचलला. भावनाचं पोट आपोआप आत, मान वर…

“जरा बाजूला होता का?” तो म्हणाला. “मागं बाभळीवर खाटीक बसलाय.”

खाटीक नावाचं पाखरू असतं. पण त्या क्षणी भावनाला खराखुरा खाटीक मिळता, तर तिनं हे गिऱ्हाईक त्याच्या हवाली केलं असतं.

म्हणून तिनं ठरवलं. याची जिरवायची.

संधी आयती चालून आली. पालघरला हौशी फोटोवाल्यांचं प्रदर्शन लागणार होतं. प्रत्येकाचा एकच फोटो, तोही चांगला मोठा. दिग्विजयचा करवानकाच्या डोळ्यावर जीव जडलेला. नुसता डोळा हवा होता त्याला, भिंतभर. पण करवानक काही त्याला जवळ येऊ देईना. हा सरकला की तो उठायचा आणि वकिली चालीनं पसार.

“तो तुज्या जाकिटाला भितो,” भावना चेहरा सरळ ठेवून म्हणाली. दुकानात लोकांचे चेहरे बघून बघून चेहरा सरळ कसा ठेवायचा ते तिला पक्कं जमायचं. “आमच्या बाया त्याच्या नाकासमोरून रोज जातात. कदी उठला? बायांना नाय भीत तो. लुगडं नेस.”

“काय?”

“लुगडं. आजीचं हाय. नेसवते मी.”

आता हे धादांत खोटं. करवानक लुगडं बघतो की जाकीट, हे भावनाच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. तिला फक्त मोबाईलवर व्हिडिओ काढायचा होता. तासगावचा पैलवानी गडी लुगड्यात! दुकानाच्या ग्रुपवर टाकला असता, तर बोईसर ते डहाणू हशा पिकला असता.

दिग्विजयनं तिच्याकडे बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं. आणि म्हणाला, “चालेल.”

पंचाईत भावनाची झाली. कारण नेसवायचं म्हणजे कमरेभोवती फिरवायचं, खोचायचं, पदर काढायचा… आणि हा शहाणा हात वर करून, डोळे मिटून देवासारखा उभा. श्वास घेतोय की नाही तेही कळेना. एरवी लॅमिनेशनच्या तापल्या मशीनलाही ती घाबरत नाही. आज मात्र निऱ्या तिनं तीनदा सोडून परत धरल्या.

“घट्ट झालं?”

“नाही… ठीक.”

“मग लाल का झालास?”

“ऊन आहे.”

“घरात?”

मंगळी आजीचं लुगडं आजीलाच गुडघ्यापर्यंत. या ताडमाड गड्याला ते कुठवर आलं असेल याचा हिशोब तुम्हीच करा. खाली केसाळ पाय, वर चष्मा, डोक्यावर पदर. आजीनं बघितलं आणि बोळक्या तोंडानं अशी हसली, अशी हसली की सुपातलं भात सांडलं. “ह्या बयेला कोन पसंत करील गो?”

जोडीला एक खरी बाई हवी म्हणून भावनानंही आजीचं दुसरं लुगडं नेसलं. दोघी… म्हणजे दोघं बाहेर पडली. निंदणीला बायका उकिडव्या बसून सरकतात तशी, एक एक पाऊल, बोरीच्या दिशेनं. भावनानं मोबाईल कमरेला खोचलेला. आता काढते, मग काढते…

आणि करवानक उठलाच नाही.

ती थांबली. तो थांबला. आणखी सरकले. करवानकानं त्या दोन बायांकडे एकदा मान तिरकी करून बघितलं, ‘चालू द्या’ अशा चेहऱ्यानं, आणि पिसं फुगवून तिथंच बसला. इतका जवळ, की त्याच्या पापणीची उघडझाप दिसत होती.

भावना मोबाईल विसरली, व्हिडिओ विसरली. आपणच मारलेली थाप डोळ्यांदेखत खरी होताना बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. दिग्विजयचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला. तो श्वास रोखून लेन्समधून बघत होता, आणि ती… पाखरू सोडून त्याच्याकडे बघत होती. एवढं निवांत, एवढं मन लावून कुणी कशाकडे बघतं, हे तिनं आधी पाहिलं नव्हतं. दुकानात येणारा प्रत्येक जण स्वतःचाच फोटो बघायला आलेला. हा एकटाच असा, की दुसऱ्याचं रूप बघून याचा चेहरा उजळतो.

कॅमेरा हलकेच वाजला. वाजत राहिला.

“भावना,” तो ओठ न हलवता म्हणाला.

“हं?”

“थँक्यू.”

“हलू नको,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कुठून आला कोण जाणे.

परतताना पठ्ठ्या इतका खूश, की बोरीच्या काट्यात पदर अडकला तरी तसाच चालत राहिला. टर्रर्र! हातभर फाटलं. मंगळी आजीचं हसू गपकन बंद.

“माजा लुगडा फाडलास! नवा घेऊन ये. नायतर ह्या खळ्यावर पाय ठेवू नको.”

“आणतो आजी,” तो म्हणाला. “नक्की आणतो.”

त्याच आठवड्यात तो दुकानात आला. दुकानाच्या मालकीण रूपलबेन गल्ल्यावर बसल्या होत्या, आणि झेरॉक्सला रांग लागली होती. भावनाचा चेहरा उजळला. पण तो म्हणाला, “आठ पासपोर्ट फोटो पाहिजेत.”

“कशाला?”

“गेटपासला. गुजरातेतल्या दहेजच्या.” त्यानं चष्मा पुसला. “तिकडच्या प्लांटला बदली करतायत. पगार वाढतोय. सोमवारी हो की नाही सांगायचंय.”

“हो की नाय?”

“म्हणजे… अजून ठरवलं नाही.”

फोटो मागणारा माणूस ठरवलं नाही म्हणतो! भावनानं स्टूल दाखवलं, दिवा लावला आणि कॅमेऱ्यातून बघितलं. कॅमेऱ्यासमोर माणूस दुसराच होतो म्हणे. हा तर तस्साच होता. तोच वाकडा चष्मा, तेच डोळे, आणि ते सरळ लेन्समधून तिच्यापर्यंत येत होते.

“हलू नका,” ती म्हणाली. ‘तू’चं ‘तुमी’ झालेलं त्यालाही कळलं असणार.

जाताना त्यानं पेनड्राइव्ह पुढं केला. “प्रदर्शनाचा फोटो. तूच काढून दे. डोळा नीट बघ हं, भावना. सगळं डोळ्यातच आहे. बघशील ना? आणि बघितल्यावर मला…”

“आधार झेरॉक्स कोन बोलला? ओ भाई, आगळ आवो, पुढं या!” रूपलबेन गरजल्या. रांग पुढं सरकली आणि दिग्विजय बाजूला ढकलला गेला. पुढचं वाक्य झेरॉक्सच्या घरघरीत बुडालं.

रूपलबेनचा नियम कडक. मोठा फोटो छापायच्या आधी त्याचा एक तुकडा पोस्टकार्डाएवढा छापून बघायचा. कागद काही झाडाला लागत नाही, असं त्या म्हणायच्या. बिचाऱ्यांना कागद कशाचा होतो ते माहीत नव्हतं. भावनानं डोळ्याचा तुकडा छापला. पिवळाजर्द डोळा, मधे काळीभोर बाहुली, आणि बाहुलीत… दोन बारीक डाग.

आता पासपोर्टवाल्यांचा हात कसा चालतो ते ऐका. चेहरा उघडला की आधी डोळे. डोळ्यात दिव्याचा ठिपका असला, पुसायचा. चष्म्यात खिडकी दिसली, पुसायची. गिऱ्हाईक डोळ्यात काही खपवून घेत नाही. रोज शंभर डोळे साफ करणारा हात. त्यात आज त्या हाताच्या मालकिणीचे स्वतःचेच डोळे भरलेले, आणि समोर बशीत आठ दिग्विजय वाळत पडलेले. माऊस फिरला. दोन डाग गेले. बाहुली आरशासारखी स्वच्छ झाली. मोठा फोटो झकास छापला गेला.

तो छोटा तुकडा खरं तर रद्दीच्या खोक्यात जायचा. तिनं तो गुपचूप पर्समध्ये टाकला. चोरी म्हणा हवं तर. दहेजला जाणाऱ्याचं काहीतरी आपल्याकडं राहावं… एवढंच.

शनिवारी पालघरच्या हॉलमध्ये ही गर्दी. फ्रेम दुकानातूनच परस्पर गेली होती, आणि भावना रूपलबेनकडून अर्धी सुट्टी घेऊन आली होती, डोळ्यांत काजळ आणि मनात दगड घेऊन. भिंतीवर करवानकाचा डोळा लागला होता. लोक थांबत होते, मान हलवत होते. एक काका तर बायकोला म्हणत होते, “बघ कसा बघतोय. अगदी तुझा भाऊ.”

दिग्विजय आला. हसत आला. फ्रेमजवळ गेला, नाक काचेला लागेल इतका जवळ… आणि त्याचं हसू विझलं. मग तो वळला.

“छान आलाय,” तो म्हणाला. “तुम्ही फार छान काम केलंत. कळलं मला.”

‘तुम्ही’? ‘केलंत’?

“काय कळलं?”

“उत्तर.” तो खाली बघत होता. “बरोबर आहे तुमचं. मी आपलं उगाच… सोमवारी देतो ते पासपोर्ट फोटो.”

आणि चालायला लागला की! करवानकासारखा, उडाला नाही, नुसता चालत. भावनानं गर्दीतून घुसून त्याच्या शर्टाची बाही पकडली.

“ए दिग्विजय! मी काय उत्तर दिलं? मला प्रश्न तरी कुनी विचारला?”

“डोळ्यात होता ना प्रश्न. बघ म्हटलं होतं. तू पुसून टाकलास.”

“डाग होते ते दोन!”

“डाग?” तो थांबला. “तुला ते डाग वाटले?”

“मग काय होतं?”

दिग्विजय तिच्याकडे बघत राहिला. कान हळूहळू लाल झाले. “तू होतीस,” तो म्हणाला. “आणि मी. करवानकाच्या डोळ्यात… आपण दोघं बसलेलो दिसत होतो. एवढ्या जवळ कधी गेलोच नव्हतो ना. घरी येऊन मोठं करून बघितलं आणि रात्रभर बघतच बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माणसाचा फोटो काढला मी, आणि तू तो…”

ज्या एका फोटोसाठी भावनानं हिरवा ड्रेस घातला, अबोली माळली, तो यानं काढला होता. आणि तिनं स्वतःच्या हातानं… डाग म्हणून…

मग तिनं पर्स उघडली. कंगवा, पास, चिंचेची गोळी, सगळं बाहेर आलं, आणि तळाशी पोस्टकार्डाएवढा तुकडा.

“पुसायच्या आदीचा हाय,” ती म्हणाली.

दिग्विजयनं गळ्यातल्या कॅमेऱ्याची छोटी लेन्स काढली आणि उलटी धरली. उलटी लेन्स म्हणजे भिंग. दोघांची डोकी पुन्हा जवळ आली. भावनानं सवयीनं ओढणीचा आडोसा धरला. हॉलमध्ये ऊन कुठलं? पण आडोसा धरला.

काळ्या बाहुलीत इवल्याशा दोन बाया बसलेल्या. दोघींच्या डोक्यावर पदर. एक ताडमाड, तोंडापुढं काळं नळकांडं धरलेली. आणि दुसरी… दुसरीनं पाखराकडे बघितलंच नव्हतं. तिची मान वळलेली होती, त्या ताडमाड बाईकडे.

“पोट आत नाही, मान वर नाही,” दिग्विजय हळूच म्हणाला. “कॅमेरा आहे हेच विसरली होतीस तू.”

भावनानं डोळे टिपले आणि लगेच कमरेवर हात ठेवला, कारण रडताना दिसणं तिला परवडणारं नव्हतं. “एक सांगू? ते लुगड्याचं… थाप होती माजी. तुजा व्हिडिओ काढायचा होता.”

“माहीत होतं.”

“काय?”

“माझी आई जन्मभर लुगडं नेसली. तिला बघून कावळासुद्धा कधी थांबला नाही.”

“मग नेसलास कशाला, येड्या?”

“तू नेसवणार होतीस म्हणून.”

मागचे काका बायकोला कोपर मारून काहीतरी दाखवत होते. ते करवानकाकडे बघत नव्हते, एवढं नक्की.

भावनानं तळहात पुढं केला. “ते आट फोटो दे इकडं.”

त्यानं खिशातून पाकीट काढून दिलं. तिनं ते उघडून बघितलं, मोजलं, पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. “आता जा दहेजला. कसा जातोस बघते. बोईसरात दुसऱ्या कुनी फोटो काढून दिला तर त्या दुकानाला कुलूप घालीन.”

“सोमवारी नाही म्हणून सांगतो,” दिग्विजय म्हणाला. हसला, आणि मग चष्मा पुसू लागला. हा चष्मा पुसू लागला की काहीतरी मोठं येतं, हे आता तिला कळायला लागलं होतं. “उद्या रविवार. पण मी खळ्यावर येऊ कसा? आजीनं पाय ठेवू नको म्हटलंय.”

“मग लुगडं घेऊन ये.”

“तेच विचारायचं होतं. आमच्याकडं… लग्नात नवऱ्या मुलाकडून नवरीच्या आजीला लुगडं देतात. आजेचीर म्हणतात त्याला.” कान लालभडक. “म्हटलं, फाटलेल्याच्या बदल्यात देण्यापेक्षा, तसंच दिलं तर?”

भावनानं त्याच्याकडे बघितलं. भिंतीवरचा करवानकही डोळे वटारून ऐकत होता. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं… आणि मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू आलं, ढीग पहिल्यांदा बोलला होता तेव्हाचं.

“हिरवं आन,” ती म्हणाली. “आजीला हिरवं आवडतं. आणि लांबीला जरा जास्ती बघ.”

“जास्ती का?”

“परत करवानकाकडं जायचंय ना आपल्याला? ह्या बारीला तुजे पाय झाकले पायजेत.”